एकाच मुलीची सामूहिक कॉपी

वातमार बेटावरच्या शाळेत त्या वर्षी सहावीला एकच मुलगी होती, आणि तिच्या परीक्षेला आम्ही तीन मोठी माणसं होडीने निघालो होतो. पर्यवेक्षक म्हणून मी, दुसऱ्या पर्यवेक्षक मिशनच्या शाळेतल्या सिस्टर लुसिया, आणि प्रश्नपत्रिकांची मोहोरबंद पेटी सांभाळणारा एक पोलीस शिपाई. मे महिना, पूर्वेचा वारा नुकताच सुरू झालेला. शिपायाला बोट लागली. पेटी हातातून सोडायची नाही असा हुकूम होता, त्यामुळे तो पेटीला मिठी मारूनच काठावरून वाकत होता आणि सिस्टर त्याचा पट्टा धरून बसल्या होत्या.

निम्म्या वाटेत समोरून दुसरी होडी आली. तीत वातमारच्या शिक्षिका पेत्रोनेला बाई. आपल्याच शाळेत पर्यवेक्षण करायचं नाही असा नियम, म्हणून मी त्यांच्या शाळेत आणि त्या माझ्या शाळेत. जवळून जाताना त्या हात तोंडाशी धरून म्हणाल्या, "मेल्की गुरुजी, बाक वीस मांडलेत. एकही हलवू नका."

मी म्हटलं, "बाई, पोरगी एक आहे."

"खोली विसांची आहे," त्या म्हणाल्या, आणि होडी पुढे गेली.

बाईंची आणि माझी ओळख चोवीस वर्षांची. त्या परीक्षेच्या वर्षी त्या बावन्नच्या होत्या. अंगाने बारीक, चालणं झपाझप, केस इतके घट्ट बांधलेले की भुवया कायम किंचित वर. वातमारची माणसं कामधंद्यासाठी एकेक करून सोरोंगला, तुआलला गेली, मुलं बरोबर गेली. बाईंच्या स्वतःच्या दोन्ही मुलीही गेल्या. हेडमास्तरांची बदली झाली, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. राहिली अकरा मुलं आणि बाई. पहिली ते सहावी त्याच शिकवायच्या, घंटा त्याच द्यायच्या, आणि हेडमास्तरांना अर्ज करायचा झाला तर लिहायच्याही त्याच आणि मंजूरही त्याच करायच्या. एकदा त्यांनी स्वतःचीच रजा नामंजूर केली होती. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "पर्यायी शिक्षक उपलब्ध नव्हता."

नियमांचं हे वेड त्यांना सतराव्या वर्षी लागलं. शिक्षक होण्याच्या प्रवेशपरीक्षेत उत्तराचे गोल भरायला ठरावीक पेन्सिल लागायची. यांनी वडिलांची सुतारकामाची पेन्सिल नेली. शंभर गोल काळजीपूर्वक भरले, आणि यंत्राला त्यातला एकही दिसला नाही. शून्य गुण. वर्षभर घरी बसून खोबरं वाळवलं. दुसरी कुणी असती तर यंत्राला शिव्या घातल्या असत्या. बाई म्हणायच्या, "यंत्राचा काय दोष? त्याला जे दिसतं ते खरं." तेव्हापासून वरून आलेल्या परिपत्रकाचा एकही शब्द त्यांनी खाली पडू दिला नाही.

आणि परिपत्रकं काही कमी येत नव्हती. आमच्याकडे वर्षाला दोन वारे, पण परीक्षा चार. पश्चिमेचा वारा पडला की वाचनाची चाचणी: मूल एका मिनिटात किती शब्द वाचतं ते घड्याळ लावून मोजायचं. मग नमुना चाचणी: सगळ्या मुलांमधून कुणाचीही तीस नावं चिठ्ठ्या टाकून काढायची, शिवाय पाच राखीव. बाईंकडे मुलं अकरा. त्यांनी अकरा चिठ्ठ्या डब्यात टाकल्या, हलवल्या, अकराही काढल्या आणि 'निवड निःपक्षपाती झाली' असं लिहून पाठवलं. मग मधली चाचणी. आणि मे महिन्यात ही मोठी, सहावीची, साऱ्या देशात एकाच दिवशी एकाच वेळी.

तर त्या मोठ्या परीक्षेला आम्ही वर्गात गेलो. वीस बाक, चार रांगा, अंतर दोरीने मोजलेलं. एकोणीस बाक रिकामे आणि पहिल्यावर आग्नेता रेन्यान, बारा वर्षांची, वेण्या ओल्या, समोर दोन पेन्सिली. शेजारच्याचं पाहता येऊ नये म्हणून प्रश्नपत्रिकेचे पाच वेगवेगळे संच होते. सिस्टरांनी नागमोडी पद्धतीने वाटायला सुरुवात केली आणि पहिल्याच बाकावर वाटप संपलं. उरलेले चार संच शिपायासमोर पुन्हा मोहोरबंद केले. मग मी सूचना वाचून दाखवल्या. त्या वाचाव्याच लागतात, वेळ टाकून सही करायची असते.

"विद्यार्थ्यांनी आपापसात बोलू नये," मी वाचलं.

आग्नेताने हात वर केला. "गुरुजी, कुणाशी?"

"पुढचं ऐक. विद्यार्थ्यांनी एकमेकांना खाणाखुणा करू नयेत. साहित्याची देवाणघेवाण करू नये."

"बरं," ती म्हणाली, आणि दोन्ही पेन्सिली स्वतःच्या अजून जवळ ओढून घेतल्या.

तीन दिवस परीक्षा चालली. पोरीने शांतपणे पेपर दिले. तिसऱ्या दिवशी शिपायाने विचारलं, "ही पास होईल का हो?" मी म्हटलं, "हुशार आहे." तो म्हणाला, "व्हायलाच पाहिजे. मी हिच्यासाठी सहा वेळा ओकलोय."

निकाल लागला. आग्नेताला सरासरी चौऱ्याहत्तर गुण. पुढच्या आठवड्यात टपालाच्या बोटीने बाईंना दोन पत्रं आली. पहिलं जिल्ह्याच्या गौरव विभागाचं: आपल्या शाळेची सरासरी जिल्ह्यात सर्वाधिक आहे, हार्दिक अभिनंदन, मानचिन्ह मागाहून पाठवत आहोत. दुसरं दक्षता विभागाचं: आपल्या शाळेतील सर्व परीक्षार्थींची उत्तरं प्रत्येक प्रश्नात शंभर टक्के जुळतात, गुणांत कोणताही फरक आढळत नाही, सबब सामूहिक कॉपीचा संशय आहे. निकाल राखून ठेवला आहे. चौकशी समिती येईल.

दोन्ही पत्रं घेऊन बाई माझ्याकडे आल्या. मी दुसरं पत्र वाचून हसलो. बाई हसल्या नाहीत.

"गुरुजी, यात चूक काय आहे ते सांगा," त्या म्हणाल्या. "सर्व परीक्षार्थींची उत्तरं जुळतात. जुळतातच."

"अहो, एकच मुलगी आहे."

"म्हणून तर जुळतात."

"मग तसं कळवा."

"कळवलं. परीक्षार्थींची संख्या त्यांच्या कागदावर पहिल्याच ओळीत आहे, एक. ती वाचूनच यंत्राने निर्णय दिलाय." मग पत्राची घडी घालत म्हणाल्या, "निकाल राखून ठेवलाय, म्हणजे आग्नेताला सातवीत प्रवेश नाही. तिच्या आईने तुआलला खोली बघून ठेवलीये."

जुलैच्या मध्यावर समिती आली. हार्योनो साहेब म्हणून एक जावाचे, निवृत्तीला आलेले गृहस्थ, आणि रतीह नावाची तरुण बाई, तिच्या हातात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला संगणक. उतरताना साहेब कमरेपर्यंत भिजले. बाईंनी त्यांना नवऱ्याची लुंगी दिली, चहाबरोबर सुकी कंदाची भाकरी दिली, आणि चौकशीसाठी हेडमास्तरांची खोली उघडून दिली. पर्यवेक्षक म्हणून मलाही बोलावलं होतं.

"सहावीच्या सगळ्या विद्यार्थ्यांना आत पाठवा," साहेब लुंगी सावरत म्हणाले. "एकत्र नको. एकेक करून."

"एकेक करूनच येईल, साहेब," बाई म्हणाल्या.

आग्नेता आली. साहेबांपुढे छापील प्रश्न होते.

"परीक्षेच्या वेळी तुझ्या डाव्या बाजूला कोण होतं?"

"खिडकी."

"पुढे?"

"फळा."

"मागे?"

"बाक. चार."

साहेबांनी तिन्ही उत्तरं लिहून घेतली. मग चष्मा काढला. "रतीह, ही एकटीच आहे."

"हो साहेब. पहिल्या ओळीतच आहे ते."

"मला दिसतंय गं. मला सांग, हे लिहायचं कुठे?"

रतीहने संगणक उघडला. दोघं बराच वेळ त्यात डोकावून बसली. बाईंनी चहा पुन्हा गरम केला. शेवटी रतीहने आम्हाला समजावून सांगितलं, आणि तिचं सांगणं मला आजही पाठ आहे. 'निर्दोष' असा शेरा मारायचा तर फेरपरीक्षा घ्यावी लागते. फेरपरीक्षेत उत्तरांची तुलना होते. तुलनेसाठी परीक्षार्थी किमान दोन लागतात. दोनच्या खाली आकडा घातला की संगणक तो घेतच नाही, लाल होतो. पहिल्या वेळी एकाचा आकडा त्याने घेतला कसा, तेच तिला कळत नव्हतं. "तेव्हा यंत्राने हिची तुलना हिच्याशीच केली असणार," ती म्हणाली. "आणि ही अगदी हिच्यासारखीच निघाली."

"म्हणजे आम्हाला अजून एक सहावीचं मूल हवं," बाई म्हणाल्या.

"मूलच पाहिजे असं नाही," साहेब नियमावली उलटत म्हणाले. "बेटावर राहणारा, शाळेच्या पटावर नसलेला, सहावी पास नसलेला, कोणत्याही वयाचा माणूस बाहेरून बसू शकतो. असं कुणी आहे?"

बाईंची मान ताठ झाली. "साहेब, वातमारवर सहावी पास नसलेला माणूस नाही. मी गेली अकरा वर्षं अहवालात लिहिते आहे."

ते खरंच होतं. तीस वर्षं बाईंनी घरोघर फिरून, होड्यांवर चढून, एकाला तर नारळाच्या झाडाखाली दोन तास उभं राहून उतरवून सहावीला बसवलं होतं. चर्चच्या दारात तसा फलकही होता. पण साहेबांना विचारल्याची नोंद करायची होती. म्हणून दुपारी चर्चच्या ओसरीवर शाळेतली मुलं सोडून सगळं गाव जमवलं, त्रेसष्ट माणसं. साहेबांनी लुंगीतच उभं राहून विचारलं, "इथे सहावी पास न झालेलं कुणी आहे का?"

कुणी हललं नाही. बाई समाधानाने सगळ्यांवरून नजर फिरवत होत्या. आणि मागच्या खांबाजवळ एक हात वर गेला.

तो ओनेसिमुसचा होता. बाईंचा नवरा. सगळे त्याला ओने म्हणतात. पंचावन्नचा, रुंद खांद्यांचा, मासेमारी करणारा, फार न बोलणारा माणूस.

"हात खाली घे," बाई म्हणाल्या. "मासळीचं विचारत नाहीयेत."

"मला ऐकू आलं काय विचारतायत ते," ओने म्हणाला. हात तसाच.

"ओने, तू सहावी पास आहेस."

"चौथी," तो म्हणाला. "तीही निम्मी."

खाली होड्या एकमेकींवर घासल्याचा आवाज ओसरीपर्यंत येत होता. सव्वीस वर्षांचं लग्न. ओने दुसऱ्या बेटावरचा, त्यामुळे शाळेच्या जुन्या वह्यांत त्याचं नाव असण्याचा प्रश्न नव्हता. लग्नाच्या वेळी त्याने सहावी सांगितली होती आणि बाईंनी ती नोंदवली होती.

हार्योनो साहेब मात्र खूश झाले. "फार छान. पूर्ण नाव सांगा."

संध्याकाळी मी त्यांच्या घरीच होतो. बाई चुलीपाशी पाठ करून उभ्या होत्या. पाठ न वळवता त्यांनी विचारलं, "माझ्या बापाला सहावी का सांगितलीस?"

ओने म्हणाला, "त्यांनी विचारलं, किती? मला वाटलं, भावंडं विचारतायत. आम्ही सहा."

"त्यांनी 'शिक्षण किती' विचारलं होतं. मी तिथेच उभी होते."

"वारा होता."

"घरात?"

ओनेने माझ्याकडे पाहिलं. मी भाकरी खाऊ लागलो. तो म्हणाला, "मग तू आत गेलीस आणि वहीत लिहिलंस. तू एकदा वहीत लिहिलंस की ते बदलता येतं हे मला ठाऊक नव्हतं."

फेरपरीक्षेला तीन आठवडे होते. आग्नेताची तयारी होतीच. ओनेला चौथीच्या मध्यापासून सहावीच्या शेवटापर्यंत आणायचं होतं. बाई घरी त्याच्याशी बोलत नव्हत्या, पण शाळेत बोलावंच लागायचं. सकाळी तो मासे टाकून यायचा, हातपाय धुऊन दारात उभा राहायचा आणि विचारायचा, "बाई, आत येऊ?" त्या म्हणायच्या, "उशीर झालाय. का?" आणि तो म्हणायचा, "घरी बायकोने चहा दिला नाही." पुढच्या बाकांवरची पहिलीची मुलं हसायची आणि बाई सगळ्यांनाच उभं करायच्या.

शिकवताना अडचण वेगळीच होती. ओनेला गणित येत होतं, प्रश्न पटत नव्हते. एका शनिवारी मी मदतीला गेलो होतो, तेव्हाचं सांगतो.

बाईंनी वाचलं, "एका टोपलीत अठ्ठेचाळीस मासे आहेत. ते सहा शेजाऱ्यांना सारखे वाटले, तर प्रत्येकाला किती मिळतील?"

"कोणते मासे?" ओने म्हणाला.

"कोणतेही."

"कोणतेही कसे? मोठे असले तर टोपलीत अठ्ठेचाळीस मावणार नाहीत. छोटे असले तर मोजत कोण बसतं?"

"ओने, उत्तर सांग."

"या सहांत माझी बहीण आहे का?"

"नाही."

"मग तिला काय सांगू?"

आग्नेता मागून म्हणाली, "काका, आठ."

"आठ मला पण येतात गं," ओने म्हणाला. "पण असं वाटलं तर पुढच्या वर्षी शेजारी राहणार नाहीत."

रेल्वेच्या गणितांची तर निराळीच तऱ्हा. आमच्या टापूत रेल्वे कुणी पाहिलेली नाही. बाईंनी मुलांना सांगून ठेवलं होतं की रेल्वे म्हणजे लांबलचक होडी, फक्त वळत नाही. ओने त्यावर दोन दिवस विचार करत होता. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "बाई, वळत नाही तर समोर काही आलं की काय करते?" बाई म्हणाल्या, "परीक्षेत समोर काही येत नाही." हे मात्र त्याला पटलं, आणि त्यानंतर वेग, वेळ, अंतर त्याला भराभर यायला लागलं.

ऑगस्टमध्ये फेरपरीक्षा झाली. तोच शिपाई, तीच पेटी, सिस्टर लुसिया आणि मी. वीस बाक. आग्नेता पहिल्या बाकावर आणि ओने विसाव्या, म्हणजे खोलीच्या तिरक्या टोकाला. बाकात त्याचे गुडघे मावेनात, म्हणून तो आडवा बसला होता. या खेपेला दोन संच वाटले. सूचना वाचल्या. "आपापसात बोलू नये," मी म्हटलं, तेव्हा आग्नेताने वळून मागे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. पहिल्यांदाच तिला कुणीतरी न बोलण्यासारखं मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी गणिताच्या पेपराला, अर्धा तास गेल्यावर ओनेने हात वर केला.

"गुरुजी, ओहोटी लागली. होडी खडकावर बसेल. ओढून येतो."

मी नियमावली पाहिली. परीक्षार्थीला फक्त नैसर्गिक विधीसाठी बाहेर जाता येतं, तेही पर्यवेक्षकाबरोबर. मी सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टर म्हणाल्या, "ओहोटी नैसर्गिकच आहे." मग मी त्याच्याबरोबर गेलो. होडी जड होती, दोघांना हलेना. शिपायाला बोलावलं. पेटी सोडायची नसल्याने त्याने ती होडीत ठेवली, आणि आम्ही तिघांनी होडी, तिच्यात सरकारची मोहोरबंद पेटी, असं सगळं खोल पाण्यात ओढलं. परत येताना पेटी काढून घेतली. नोंदवहीत मी लिहिलं: 'नैसर्गिक विधी, अकरा मिनिटं.'

निकाल पंधरा दिवसांत आला. आग्नेता शहात्तर. ओने एक्केचाळीस. दोघांची उत्तरं निम्म्याहून अधिक ठिकाणी वेगळी, फरक समाधानकारक, संशय मागे घेण्यात येत आहे. आग्नेताचा निकाल मोकळा झाला आणि ती त्याच आठवड्यात आईबरोबर तुआलला गेली. पुढे तिने बाईंना लिहिलं की वर्गात अडतीस मुलं आहेत आणि परीक्षेत सगळे एकदम श्वास घेतात ते ऐकू येतं.

ओनेला पास करायचं की नाही हे त्या वर्षी शाळेच्या हाती होतं. शाळा म्हणजे बाई. उत्तीर्ण व्हायला चाळीस लागत होते आणि त्याला एक्केचाळीस होते. तरी बाईंनी त्याची उत्तरपत्रिका दोनदा तपासली, एक दिवस थांबल्या, तिसऱ्यांदा तपासली, मग सही केली. दाखला त्यांनी त्याच्या हातात दिला तो शाळेत, सगळ्या मुलांसमोर. घरी नाही.

पण प्रकरण संपलं नाही. शाळेची सरासरी आता साडेअठ्ठावन्न झाली होती. तीन महिन्यांत जिल्ह्यात पहिल्या नंबरावरून एकशे नवव्यावर, म्हणजे साऱ्या जिल्ह्यात सर्वांत मोठी घसरण. गुणवत्ता विभागाने पत्र पाठवून बाईंना अंबोनला दहा दिवसांच्या शिबिराला बोलावलं: घसरत्या शाळांच्या मुख्याध्यापकांसाठी. पर्यायी शिक्षक म्हणून मी वातमारवर जायचं कबूल केलं, आणि बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची रजा मंजूर केली.

शिबिरातलं त्यांनीच मला नंतर सांगितलं. पहिल्याच दिवशी सगळ्यांना कागद दिले: आपल्या शाळेची गुणवत्ता घसरण्याचं प्रमुख कारण एका वाक्यात लिहा. कुणी इमारत लिहिली, कुणी पालकांची उदासीनता. बाईंना खोटं लिहिता येत नाही. त्यांनी लिहिलं, 'माझा नवरा.'

शिबिर चालवणाऱ्या ताईंनी कागद वाचला आणि जेवणाच्या सुट्टीत बाईंना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "घरी मारतात का?"

"नाही हो. एक्केचाळीस गुण मिळाले त्याला," बाई म्हणाल्या.

मग सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. ताईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्हाला त्यांचा राग नक्की कशाचा आला?" हे सांगताना बाई मला म्हणाल्या, "तिथे मला उत्तर देता आलं नाही. चार पर्याय दिले असते तर बरं झालं असतं."

बाई शिबिरात असतानाच इकडे टपालाच्या बोटीने मानचिन्ह आलं. गौरव विभागाला बाकीच्या भानगडीचा पत्ताच नव्हता. भलंथोरलं काचेचं, 'जिल्ह्यात प्रथम' असं सोनेरी अक्षरात. ओनेने ते उतरवून घेतलं आणि पुसून स्वयंपाकघरात ठेवलं, कारण घरात दुसरी फळी नव्हती.

बाईंना बंदरावरून आणायला मी आणि ओने माझ्या होडीने गेलो. परतताना समुद्र शांत होता. बंदर मागे पडलं. मग बाई एकदम म्हणाल्या, "तू चौथी म्हणाला असतास तरी मी तुझ्याशी लग्न केलं असतं."

"तू केलं असतंस," ओने म्हणाला. "तुझ्या बापाने दिली नसती."

बाईंनी विचार केला. प्रश्न आला की त्या खरंच विचार करतात. "नसती दिली," त्या म्हणाल्या. आणि पिशवीतून अंबोनहून आणलेली केळ्याची भजी काढून आधी त्याच्यापुढे धरली. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच. त्याने दोन घेतली, एक मला दिलं.

'वातमारवर सहावी पास नसलेला माणूस नाही' हे अहवालातलं वाक्य बाईंनी त्या वर्षी पुन्हा लिहिलं. या खेपेला ते खरं होतं. चर्चच्या दारातला फलक त्यांनी मधल्या काळात स्वतःच उतरवून ठेवला होता, तो ओनेने परत लावला.

ओनेला मात्र शिकायची चटक लागली. त्याला आता सातवी करायची होती. बाईंनी साफ सांगितलं, "पुढचं माझ्याकडून नाही. घरात एकच शाळा पुरे." म्हणून तो दर शनिवारी होडी घेऊन माझ्याकडे येतो. ओसरीवर बसतो, प्रत्येक प्रश्नावर वाद घालतो आणि मग उत्तर बरोबर काढतो. त्याच्या प्रगतीपुस्तकावर पालकाची सही लागते. ती सही बाई करतात, नात्याच्या रकान्यात 'पत्नी' लिहून. पण सही करण्याआधी माझी बेरीज तपासतात. मागच्या महिन्यात मी त्याला दोन गुण जास्त दिले होते. बाईंनी लाल पेनाने ते कापले आणि पुस्तक त्याच्याचबरोबर माझ्याकडे परत पाठवलं.